६० हजारांत पक्ष्यांसाठी कॅमेरा: एन्ट्री लेव्हल डीएसएलआर घ्यावा की सुपरझूम?

पाणवठा

नमस्कार मंडळी. मी चिपळूणजवळच्या एका गावात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीचं काम मध्यंतरी रखडलं होतं, ते आता शाळेतल्या मुलांना हाताशी धरून पुन्हा सुरू केलंय. झाडं, कंद, रानभाज्या, खाडीतले मासे यांची माहिती गावातली जुनी माणसं भरभरून देतात. गाडी अडते ती पक्ष्यांपाशी. मुलं धावत येऊन सांगतात, "बाई, मोठी घार होती." ती घार होती, मोरघार होती की आणखी काही, हे फोटोशिवाय कसं ठरवायचं? मोबाईलच्या फोटोत पांढऱ्या आभाळावर एक काळा ठिपका दिसतो. तो पाहून कोणीच ओळख सांगू शकत नाही.

कॅमेरा हवाय तो मुख्यतः यासाठी. देवराईतले पक्षी, खाडीच्या चिखलावर उतरणारे पाणपक्षी आणि डोंगराच्या कड्यावर घिरट्या घालणारे शिकारी पक्षी. शिवाय शाळेचं स्नेहसंमेलन असतं आणि माझी मुलगी भरतनाट्यम शिकते, तेव्हा सभागृहातले फोटोही थोडेफार काढायचे आहेत.

बजेट ६० हजार, फार तर ६५. दुकानदार म्हणतो दोन लेन्सचा डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा घ्या, प्रोफेशनल काम होईल. भाऊ म्हणतो निकॉनचा पी९५० हा सुपरझूम घे, लेन्स बदलता येत नाही पण ८३ पट झूम आहे. मला यातलं काही कळत नाही. पैसे माझे आणि काही माजी विद्यार्थ्यांचे मिळून आहेत, म्हणून चार ठिकाणी विचारून घ्यावं असं वाटतंय.

उजनीकाठ

ताई, सुपरझूम घ्या. मी भिगवणच्या बाजूचा. हिवाळाभर आमच्याकडे कुंभारगाव, डिकसळला बाहेरून लोक येतात आणि होडीतून रोहित, पट्टकादंब बघत फिरतात. कोणाच्या हातात काय कॅमेरा आहे आणि संध्याकाळी त्यातून काय निघालं, हे रोज डोळ्यांसमोर असतं. डीएसएलआर आणि ५५-२५० किंवा ७०-३०० ची लेन्स (हे आकडे मिलिमीटरमधल्या फोकल लेंथचे, मोठा आकडा म्हणजे लांबची पोहोच) घेऊन आलेल्यांना रोहितांच्या थव्याचे फोटो छान मिळतात, कारण थवा मोठा असतो. पण लांबच्या खांबावर एखादी मीनघार बसली की त्यांच्या फोटोत खांबच जास्त दिसतो. त्याच होडीत पी९०० किंवा पी९५० असलेला माणूस तिच्या पंजातला मासा दाखवतो.

नोंदवहीला लागणारा फोटो प्रदर्शनात लावायचा नसतो. चोचीचा आकार, डोळ्याभोवतीची कातडी, शेपटीवरचे पट्टे दिसले की काम झालं. त्यासाठी पोहोच लागते, आणि तुमच्या पैशात तेवढी पोहोच दुसरं काहीच देत नाही.

एफ_एकपॉइंटआठ

मला हे तितकंसं पटत नाही. उजनी म्हणजे उघडं पाणी आणि लख्ख ऊन. ताईंनी देवराई लिहिलंय. कोकणातल्या देवराईत भर दुपारीसुद्धा खाली किती अंधार असतो ते आत उभं राहिलेल्यालाच माहीत. त्यात पावसाळा धरा.

निकॉनच्या डी३५०० या डीएसएलआरचा सेन्सर (आतला उजेड टिपणारा भाग) २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटर, पी९५० चा साधारण ६.२ गुणिले ४.६. क्षेत्रफळात १३ पटींचा फरक आहे. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता) १६०० ला सुपरझूमच्या फोटोतली पिसं विरघळून जातात, सगळं शेणानं सारवल्यासारखं दिसतं. डीएसएलआर आयएसओ ३२०० ला सुद्धा वापरण्याजोगा फोटो देतो. शिवाय फेज डिटेक्शन, म्हणजे झटपट धरणारा ऑटोफोकस आहे, त्यामुळे उडता पक्षी पकडता येतो. सुपरझूमच्या इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये पक्षी शोधेपर्यंत तो पलीकडच्या डोंगरावर गेलेला असतो.

आणि सभागृहाचं काय? नाचाचे फोटो सुपरझूमने काढायचे म्हणजे हातांच्या मुद्रांऐवजी धूसर पट्टे मिळणार. डीएसएलआरवर ३५ मिमी एफ/१.८ ही भरपूर उजेड घेणारी लेन्स लावा आणि फरक बघा. माझं स्पष्ट मत: डी३५०० किंवा कॅनन १५००डी घ्या. आज ७०-३०० घ्या, उद्या ३५ घ्या, पुढे कधी जमलं तर १५०-६०० घ्या. सुपरझूम घेतला की वाट तिथेच संपते.

भिंगरी

एफ_एकपॉइंटआठ, सभागृहाबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण लांबच्या पक्ष्याचा हिशेब तुम्ही मांडलाय तसा नाही. ही गोष्ट मी जरा सविस्तर लिहिते, कारण सेन्सर लहान म्हणजे उजेड कमी, असं सगळीकडे सरसकट सांगितलं जातं आणि पक्षी बघणारे त्यावर विसंबून चुकीची खरेदी करतात.

पी९५० च्या झूमसाठी सांगितला जाणारा "२००० मिमी" हा आकडा फुल फ्रेमच्या, म्हणजे जुन्या फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरच्या हिशेबातला आहे. पी९५० ची खरी फोकल लेंथ ४.३ ते ३५७ मिमी. म्हणजे पूर्ण झूमला ती ३५७ मिमीची लेन्स आहे, डीएसएलआरच्या ३०० पेक्षा थोडीच लांब. मग पक्षी एवढा मोठा का दिसतो? दोन्ही सेन्सरवर पक्ष्याची प्रतिमा जवळपास सारख्याच आकाराची पडते, पण पी९५० च्या सेन्सरवर पिक्सेल फार दाटीनं बसवलेले आहेत. डी३५०० च्या एका पिक्सेलची रुंदी सुमारे ३.९ मायक्रॉन, याची १.३. फोकल लेंथमधला फरक धरला तर त्याच पक्ष्यावर सुपरझूमचे साधारण १२ पट पिक्सेल पडतात. चोच, डोळा, पट्टे दिसतात ते यामुळे.

आता उजेड. लांब फांदीवर बसलेल्या पक्ष्याकडून येणारा किती उजेड कॅमेऱ्यात शिरणार, हे लेन्सच्या उघडीप असलेल्या तोंडावर ठरतं. ते मोजायचं सोपं आहे: फोकल लेंथला एफ नंबरने भागायचं. निकॉनची ७०-३०० पूर्ण झूमला एफ/६.३, म्हणजे ३०० भागिले ६.३, साधारण ४८ मिमी. कॅननची ५५-२५० तिकडे एफ/५.६, म्हणजे ४५ मिमी. पी९५० पूर्ण झूमला एफ/६.५, म्हणजे ३५७ भागिले ६.५, ५५ मिमी. शटर स्पीड सारखा ठेवला तर त्या लांबच्या पक्ष्याचा उजेड सुपरझूम ७०-३०० पेक्षा कमी गोळा करत नाही, थोडा जास्तच करतो. डीएसएलआरचा उरलेला मोठा सेन्सर त्या वेळी आजूबाजूच्या पानांचा उजेड टिपत असतो. क्रॉप करताना, म्हणजे फोटो कापून फक्त पक्षी ठेवताना, आपण तो फेकून देतो.

१३ पटींचा फायदा खरा आहे, पण फ्रेम भरेल इतकं जवळ जाता आलं तर. नाचाच्या वेळी नेमकं तेच होतं. ३५ मिमी एफ/१.८ चं तोंड १९ मिमी. तेवढीच फ्रेम पी९५० वर घ्यायची तर त्याची लेन्स असते साडेनऊ मिमीच्या आसपास, आणि एफ/२.८ धरला तरी तोंड साडेतीन मिमीच्या पुढे जात नाही. तिथे डीएसएलआर तीसपटीहून जास्त उजेड घेतो. हा फरक कुठल्याही सेटिंगने भरून निघणार नाही.

म्हणून पाणवठाताईंना माझा प्रश्न. तुमचे पक्षी किती लांब असतात? २० मीटरच्या आत की शंभराच्या पलीकडे?

पाणवठा

भिंगरीताई, तुमचा हिशेब मी दोनदा वाचला आणि उद्या नववीच्या वर्गात फळ्यावर मांडणार आहे. प्रकाशाचं प्रकरण शिकवायला इतकं जिवंत उदाहरण मला मिळालं नव्हतं.

अंतराचं म्हणाल तर मिश्र आहे. देवराईच्या काठावर काजऱ्याची मोठी झाडं आहेत, त्यांची फळं खायला धनेश येतात. आम्ही पायवाटेवरून बघतो, झाड बरंच लांब, ६०-७० मीटर तरी असेल. त्याच्या पुढे जायचं नाही असा मुलांना नियम घालून दिलाय. खाडीवरचे पक्षी त्याहून लांब. शिकारी पक्षी तर आभाळातच. जवळ म्हणाल तर शाळेच्या आवारातले शिंजीर, दयाळ, नाचण.

वाघोबाचा_शेजारी

मी चंद्रपूरकडचा. ताडोब्यात सफारीला मोबाईल नेता येत नाही, त्यामुळे दर हंगामात ओळखीपाळखीचे लोक कॅमेऱ्याबद्दल विचारतात. दोन गोष्टी सांगतो ज्या वर आल्या नाहीत.

पहिली धूळ. उन्हाळ्यात जिप्सीच्या मागे जो लाल फुफाटा उठतो, त्यात लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर माती घेणं. दोन लेन्सचा सेट घेतलेले बहुतेक जण शेवटी एकच लेन्स लावून बसतात. वाघ वीस फुटांवर आला की ७०-३०० मध्ये वाघच जेमतेम मावतो आणि मागचं जंगल येत नाही. सुपरझूमला तिथे फायदा आहे, तो २४ मिमीपासून सुरू होतो.

दुसरी बॅटरी. कंपनीच्याच मोजणीनुसार डी३५०० एका चार्जमध्ये १५५० फोटो काढतो, पी९५० सुमारे २९०. स्क्रीन सतत चालू ठेवून पक्ष्याची वाट बघत बसलात तर ते २९० सुद्धा निघत नाहीत. सुपरझूम घेतलात तर जादा बॅटरीचे पैसे बजेटमध्येच धरा, नंतर घेऊ म्हणू नका.

वाघासाठी विचाराल तर मी डीएसएलआर सांगेन. पहाटेची वेळ, चालता प्राणी, अंतर बेताचं. पण ताईंचा विषय वेगळा आहे.

जुन्या_बाजारातला

नव्याचाच हट्ट का? डीएसएलआरचा रस्ता धरायचा असेल तर आज जुना घेण्यात खरी मजा आहे. कंपन्या मिररलेसकडे, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे वळल्यात, निकॉनने डी३५०० कधीच बंद केला. त्यामुळे जुन्या बाजारात चांगले, कमी वापरलेले नग स्वस्तात मिळतात. मुंबईत फोर्टला बोरा बाजारात जा, चार दुकानं फिरा, घाई करू नका.

पण घेताना डोळ्यांत तेल घालून बघा. शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढले तो आकडा मागा. लेन्समधून मागच्या बाजूने टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, कितीही स्वस्त दिली तरी घेऊ नका. लेन्सच्या मागच्या धातूच्या ठिपक्यांवर हिरवट गंज बघा, समुद्रकाठच्या नगांना तो हमखास असतो. बिल आणि पेटी मागा, नंबर जुळवा.

निकॉनच्या बाबतीत एक पक्कं लक्षात ठेवा. डी३४००, डी३५०० या बॉडीत फोकसची मोटर नसते. एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलीच लेन्स घ्यायची, नाहीतर फोकस हाताने फिरवत बसावं लागेल. आणि एएफ-पी ७०-३०० दोन प्रकारची येते, एक व्हीआर (हाताची थरथर सावरणारी सोय) असलेली आणि एक नसलेली. दोन्ही दिसायला सारख्या. ३०० मिमीला व्हीआर नसलेली लेन्स हातात धरून पक्षी काढणं फार अवघड. दुकानदार मुद्दाम फसवतो असं नाही, पण सेटमध्ये स्वस्त पडते म्हणून तीच पुढे करतो. नावात व्हीआर ही अक्षरं स्वतः वाचा.

सातासमुद्रापार

मी मिशिगनमध्ये असतो, दिवाळीला पुण्याला येतोय. इथून आणून देऊ शकतो. पण खरं सांगायचं तर मी यातलं काहीच सुचवणार नाही. आता डीएसएलआर नव्याने का घ्यायचा? कॅननचा आर५० हा मिररलेस घ्या. पक्ष्याचा डोळा ओळखून फोकस धरून ठेवतो. माझ्या बायकोकडे आहे, मागच्या अंगणात हमिंगबर्ड येतात त्यांचे फोटो पहिल्या दिवसापासून टिपतेय.

जुन्या_बाजारातला

आर५० कॅमेरा उत्तमच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच्यासोबत पक्ष्यांसाठी १००-४०० घ्यायची म्हटली तर ताईंचं बजेट दुप्पट होईल. ५५-२१० घेतली तर पूर्ण झूमला एफ/७.१, भिंगरीताईंच्या पद्धतीने भागून बघा, ३० मिमी तोंड. डोळ्यावर फोकस अचूक बसेल, पण ७० मीटरवरच्या धनेशाचा डोळा किती पिक्सेलचा असेल?

आणि परदेशातून आणायचं असेल तर वॉरंटी आधी विचारून घ्या. बहुतेक बॉडींची वॉरंटी त्या देशापुरती असते. इथल्या सर्व्हिस सेंटरमध्ये दुरुस्तीचे पैसे खिशातून जातात. शाळेच्या वस्तूला इथलं बिल असलेलं बरं, हिशेबालाही सोपं पडतं.

सातासमुद्रापार

मान्य. अंगणातल्या आणि देवराईतल्या अंतराचा विचार मी केला नव्हता. ताई, जादा बॅटरी आणि कार्ड मात्र माझ्याकडून मुलांसाठी. कोणता कॅमेरा ठरतो ते कळवा, म्हणजे त्याप्रमाणे आणतो.

रानहळद

मी मुद्द्यावरच बोलतेय, कॅमेरा निवडण्याशी त्याचा थेट संबंध आहे. दरवर्षी जून ते सप्टेंबर कोकणात तिबोटी खंड्याच्या मागे लोक किती लागतात ते आम्ही बघतो. जेमतेम पाच इंचांचा पक्षी, ओढ्याच्या मातीच्या कडेत बीळ करतो, पिल्लांना खाऊ घालायला दिवसभर ये-जा करतो. तो जिथे राहतो तिथे झाडोऱ्याखाली उजेड नसतो. लहान लेन्सवाले जवळ जातात, आणखी जवळ जातात, मध्ये येणाऱ्या फांद्या तोडतात. मग आईबाप बिळाकडे यायचे थांबतात. हे बघवत नाही.

मुलांच्या हातात कॅमेरा देणार असाल तर लांबून काम होईल असाच द्या. मुलांना चांगल्या फोटोचा मोह पडणार, आणि ३०० मिमीवर चांगला फोटो हवा तर पुढे सरकावंच लागतं. घरट्याचा फोटो नोंदवहीत नकोच. जागा सुद्धा लिहिताना मोघम लिहा. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून बोलावणं विणीच्या हंगामात कटाक्षाने टाळा.

ताईंनी मुलांना पायवाट सोडायची नाही असा नियम घातलाय हे वाचून फार बरं वाटलं.

एफ_एकपॉइंटआठ

रानहळद, हा मुद्दा मला पटला. भिंगरी यांचं गणितही मी स्वतः करून पाहिलं आणि ते बरोबर आहे. तरी उडत्या पक्ष्याबद्दल माझं मत कायम आहे. आभाळात घिरट्या घालणारा गरुड ठीक, तो सावकाश फिरतो. पाकोळ्या, भिंगऱ्या, सूर मारणारा खंड्या सुपरझूमला जमत नाहीत. फोकस मागेपुढे शोधत राहतो. पी९५० सलग फोटो काढताना दहाएक झाले की थांबतो आणि कार्डावर लिहीत बसतो. हे डोक्यात ठेवूनच घ्या.

ताई, एक करा. चिपळूणला किंवा रत्नागिरीला पक्षी बघणारे कोणी ना कोणी असतीलच. दोन्ही कॅमेरे एका संध्याकाळपुरते मागून घ्या आणि तुमच्याच काजऱ्यावर वापरून बघा. इथे आम्ही कितीही लिहिलं तरी तुमच्या झाडाखालचा उजेड आम्हाला दिसत नाही.

पाणवठा

मंडळी, उशिरा लिहितेय पण काम करून आलेय. चिपळूणच्या एका पक्षीमित्राने त्याचा पी९५० दिला, आणि आमच्याच एका माजी विद्यार्थ्याकडे डी३५०० निघाला, व्हीआरवाली ७०-३०० आणि ३५ मिमीसकट. दोन्ही घेऊन मुलांबरोबर गेले.

सकाळी ऊन वर आल्यावर काजऱ्यावर मलबारी कवड्या धनेश आले. आधी डी३५०० ने काढले. फोटो सुंदर, रंग खरे, पण पक्षी फ्रेमच्या मध्यावर लहानसा. कॅमेऱ्याच्याच पडद्यावर मोठा करून पाहिला तर धनेश आहे एवढं कळलं. मग पी९५०. आधी पक्षी सापडेचना, नुसती पानं आणि आभाळ. पक्षीमित्राने लेन्सच्या बाजूचं बटण दाखवलं. ते दाबलं की झूम थोडा मागे येतो, पक्षी शोधायचा, बटण सोडलं की झूम परत पुढे. दहा मिनिटांत मुलांच्या हातात ते बसलं. माझ्या हाताला मात्र वेळ लागला.

पडद्यावर धनेशाचं डोकं आलं तेव्हा आठवीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, हिच्या डोळ्याभोवती पांढरं आहे." नराच्या डोळ्याभोवतीची कातडी निळसर काळी असते, मादीची गुलाबीसर पांढरी, हे आम्ही पुस्तकात वाचलं होतं. मागच्या फांदीवरचा दुसरा पक्षी काढला, त्याची कातडी गडद. जोडी आहे हे मुलांनी स्वतः ठरवलं. नोंदवहीत आजवर नुसतं "धनेश, मोठे" असं लिहिलेलं होतं.

सायंकाळी साडेपाचला देवराईत आत गेलो. भिंगरीताई, तुमचं गणित तिथे तंतोतंत उतरलं. बऱ्याच लांब बसलेल्या हळद्याचा फोटो दोन्हीकडून सारखाच मळकट आला, डी३५०० चा क्रॉप केल्यावर उलट जास्त अस्पष्ट. पण वाटेच्या कडेलाच, अगदी जवळ नाचण शेपटी फुलवून बागडत होता, त्याचा डी३५०० चा फोटो फार देखणा आहे. शेपटीचं एक-एक पीस सुटं दिसतं. पी९५० मध्ये तोच पक्षी पुसट आणि हललेला. शाळेच्या सभागृहात मुलीला उभं करून ३५ मिमीने फोटो काढले, ते तर बघत राहावेत असे आहेत.

मी सुपरझूम घेतेय. हे पैसे नोंदवहीच्या कामासाठी गोळा झालेत, आणि त्या कामाचे पक्षी लांब आहेत. नाचाचे फोटो ही माझी घरची हौस, तिच्यासाठी पुढे सवडीने जुनी बॉडी आणि ३५ मिमी बघेन. एफ_एकपॉइंटआठ, तुमच्या सांगण्यावरूनच दोन्ही वापरून पाहिले, त्याबद्दल मनापासून आभार.

एफ_एकपॉइंटआठ

वापरून ठरवलंत यातच सगळं आलं, ताई. माझी पसंती वेगळी असती, पण निर्णय तुमच्या कामाला धरून आहे. जुनी बॉडी घ्याल तेव्हा डी३४०० सुद्धा बघा, थोडी स्वस्त मिळते आणि फोटोत फरक जाणवत नाही.

भिंगरी

फार छान. आता थोडं वापराबद्दल. पूर्ण झूमची सवय लावून घेऊ नका, हजार मिमीच्या आसपास काम होत असेल तर तिथेच थांबा, फोटो जास्त स्पष्ट येईल. आयएसओला ८०० ची मर्यादा घाला. पांढऱ्या आभाळावरचा पक्षी काळा येतो, तेव्हा एक्सपोजर एक स्टॉप वर घ्या, म्हणजे फोटोतला उजेड दुप्पट करा. ओळख हवी असेल तर हे सर्वात महत्त्वाचं. डायलवर पक्ष्यांसाठी वेगळा मोड आहे, मुलांना सुरुवात तिथून करू द्या, पण हळूहळू शटर प्रायॉरिटीवर (शटर स्पीड आपण ठरवायचा त्या मोडवर) आणा. ट्रायपॉडऐवजी जुन्या कापडाच्या पिशवीत तांदूळ भरून ती कुंपणाच्या गडग्यावर ठेवा आणि वर कॅमेरा टेकवा.

खाडीवर जाल तेव्हा सकाळी लवकर जा. ऊन चढलं की चिखलावरची आणि पाण्यावरची हवा थरथरते, मग लांबचा पक्षी पाण्याखालून बघितल्यासारखा दिसतो. तेव्हा कॅमेऱ्याला दोष देऊ नका. त्या हवेतून लाखांची लेन्सही स्पष्ट बघू शकत नाही.

आणि रॉ फाइल चालू ठेवा. कोणाला ओळख विचारायची तर मूळ फाइल जवळ असलेली बरी.

उजनीकाठ

ताई, हिवाळ्यात मुलांना घेऊन भिगवणला या. होडीचं बघून देतो.

मातीचा_वास

वाचनखूण साठवलीय, मी पण सिंधुदुर्गातून याच विचारात होते. एकच विचारायचंय. आमच्याकडे पावसात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. असा कॅमेरा चार महिने टिकवायचा कसा?

जुन्या_बाजारातला

सोबत मिळालेल्या बॅगेत ठेवू नका, चामड्याच्या तर अजिबात नको. बॅग ओल धरून ठेवते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, रबराची कड असलेला, आणि त्यात सिलिका जेल टाका. रंग बदलणारं मिळतं ते घ्या, म्हणजे ओल शोषून भरलं की कळतं. भरलं की कोरड्या कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतं, मात्र ती कढई स्वयंपाकाला वापरायची नाही. आठवड्यातून एकदा तरी कॅमेरा बाहेर काढून चालू करा, झूम पुढेमागे करा.

सुपरझूमच्या बाबतीत जास्त जपायला हवं. डीएसएलआरच्या लेन्सला बुरशी लागली तर लेन्स बदलता येते, इथे लेन्स आणि बॉडी एकच. झूम पुढे जाताना नळी बाहेरची हवा आत ओढते, आणि पी९५० ला पाण्यापासून संरक्षण नाही. रिमझिम असेल तर लेन्सवर प्लास्टिकची पिशवी रबराने बांधा आणि पुढचं तोंड मोकळं ठेवा. भिजून घरी आलात तर झूम बाहेर काढलेल्या अवस्थेत सुती कापडाने नळी पुसा, पंख्याखाली तासभर ठेवा, मगच झूम आत घ्या आणि डब्यात ठेवा.